सुपातला ट्रक

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. तो ट्रक होता. चार चाकं, मागं हौदा, आणि कंपनीच्या पावतीवर ठसठशीत अक्षरांत ‘विद्युत ट्रक’ असं छापलेलं. गारखेड्यातली आमची गल्ली त्याला पहिल्या दिवसापासून टेम्पो म्हणत आली आणि शेजारचे सांडूअण्णा तर सरळ ‘डब्बा’ म्हणत, त्याला माझा इलाज नाही.

चौतीस वर्षं वीज खात्यात बिलांच्या टेबलावर काढल्यामुळं विजेतलं मला कळतं, असा माझा समज होता. माझी पत्नी सत्यभामा हिचा समज असा की, मला बिलातलं कळतं, विजेतलं नाही. या दोन समजांमध्ये आमचा संसार सुखानं चालला होता. मग तिच्या बचत गटाला शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनची ऑर्डर मिळाली. रोज हजार ज्वारीच्या भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी, सकाळी अकराच्या आत पोचवायची. गटात अकरा बायका, सगळ्या पहाटे चारला तव्यावर. कँटीनवाल्याची अट एकच. तीनदा उशीर झाला की ऑर्डर दुसऱ्याला.

भाकरी न्यायला गाडी हवी होती. सत्यभामेनं जुन्या मोंढ्यात एक डिझेलचा जुना टेम्पो बघून ठेवला होता. मी म्हणालो, “धूर ओकणाऱ्या गाडीतून आपल्या भाकरी जाणार?”

“भाकरी धुरातच होतेत अहो,” ती म्हणाली.

पण मी ऐकलं नाही. मी तिला पर्यावरण समजावून सांगितलं, युनिटचा दर समजावून सांगितला, आणि शेवटी एक वाक्य बोललो, जे बोलायला नको होतं. म्हणालो, “सत्यभामा, जबाबदारी माझी.” अकरा बायका साक्षीला होत्या. त्यातल्या नऊजणींना ते अजून तोंडपाठ आहे.

मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. ते काम सांडूअण्णांनी आपणहून घेतलं. अण्णा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, आणि स्टेअरिंग सुटल्यापासून त्यांचे हात वळवळत होते. पूजेच्या दिवशी चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडायला सत्यभामेचे थोरले बंधू कडूबा मुकुंदवाडीहून आले. अण्णांनी किल्ली फिरवली. आवाज काहीच आला नाही. “चालूच नाय झाली की,” म्हणून त्यांनी पाय दाबला. सदर वाहन चालू झालेलं होतं. चार लिंबं, न फोडलेला नारळ आणि कडूबांची डाव्या पायातली चप्पल यांच्यावरून ते शांतपणे निघून गेलं. कडूबा म्हणाले, “दाजी, जनावर मुकं हाय, ध्यान ठिवा.”

पहिला आठवडा झकास गेला. मी रोज अण्णांच्या शेजारी बसून शेंद्र्याला जायचो आणि सिग्नलला थांबलेल्या लोकांकडं खाली वाकून बघायचो. आठव्या दिवशी सकाळी शहागंजात चटणीचे शेंगदाणे घ्यायला वळलो, आणि समोरच्या पडद्यावर एक छोटंसं कासव आलं.

“हे कासव कामून आलं?” अण्णांनी विचारलं.

“असू द्या,” मी म्हणालो. “देवळात नसतं का दारात? शुभ असतं.”

गाडी कासवाच्याच गतीनं दहा पावलं गेली. मग आतून एका बाईचा अतिशय शुद्ध आवाज आला, “कृपया वाहन सुरक्षित स्थळी उभे करा.” एवढं बोलून तिनं ते स्वतःच उभं केलं, दोन हातगाड्या आणि एक बांगड्यांचं दुकान यांच्या मधोमध. दुकानदार धावत आला. “चचा, हलाव ना इसको! मेरी पूरी दुकान ढाँक दिए तुम.” मी म्हणालो, बॅटरी बहात्तर टक्के आहे, काही बिघाड असणं शक्य नाही, मी वीज खात्यातला माणूस आहे. तो म्हणाला, “अच्छा? तो लाइट गई होंगी.” भोवती जमलेली माणसं हसली. पाऊण तासानं कासव आपोआप गेलं आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. भाकरी पोचल्या तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. उशीर पहिला.

घरी येऊन मी कंपनीच्या नंबरावर तक्रार नोंदवली. पलीकडच्या मुलीनं फार अदबीनं विचारलं, “काय झालं सर?”

“गाडी बसली,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“म्हणजे बसली! भर बाजारात बसली!”

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला. ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. शेरा : ग्राहक गाडीत बसले.’

चौतीस वर्षांत मी स्वतः हजारो तक्रारी निकाली काढल्या आहेत. ग्राहक मयत झाल्याचा शेरा मारून जिवंत ग्राहकाची तक्रार बंद केल्याचंही माझ्या हातून एकदा घडलेलं आहे. पण टेबलाच्या अलीकडून हे कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मी तडक जालना रोडवरचं शोरूम गाठलं. तिथल्या मेघा मॅडम आमच्याच भागातल्या, कन्नड तालुक्यातल्या निघाल्या. त्यांनी शेरा वाचला आणि टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “काका, आमच्याकडंही बसलीच म्हणतेत. थांबा, मी दुरुस्त करते.” गाडी दुरुस्त करतील असं मला वाटलं होतं, त्यांनी शेरा दुरुस्त केला. गाडीला कंप्यूटर लावला तर त्याला दोष सापडला नाही. शोरूमच्या आवारात गाडीनं सात फेऱ्या मारल्या, एकदासुद्धा कासव नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, सहा महिन्यांत तोच दोष तीनदा नोंदला गेला तर कंपनी गाडी परत विकत घेते, पूर्ण पैसे देऊन. बायबॅक म्हणतात त्याला. एक झालाय. दोन राहिले.”

दुसरा फार दूर नव्हता. पुढच्याच आठवड्यात मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला कासव आलं, बाई बोलल्या, आणि भाकरी अकरा चाळीसला पोचल्या. कँटीनच्या मॅनेजरनं सत्यभामेला फोनवर सांगितलं, “ताई, आता एकच राहिला.”

गल्लीचा सल्ला सुरू झाला. कुणी म्हणालं बॅटरीला ऊन लागतंय, वर गोणपाट ओलं करून टाका. कुणी म्हणालं बॅटरीला पाणी लागतंय, गोणपाट आधी काढा. समोरच्या मालनबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तो खायला आलेलं कुत्रं तेव्हापासून गाडीखालीच राहायला लागलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला तासभर बसवून विद्युतप्रवाह म्हणजे काय हे शिकवलं. मला! मी मान डोलावत राहिलो, कारण खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं मला नवीन होतं.

पण खरी अडचण सल्ल्याची नव्हती. नीट बघा. तिसऱ्यांदा गाडी बसली तर माझी सुटका होणार होती, आणि तिसऱ्यांदा गाडी बसली तर सत्यभामेची ऑर्डर जाणार होती. एकाच घरात, एकाच देव्हाऱ्यापुढं, रोज सकाळी दोन माणसं हात जोडत होती. ती मागायची की आज गाडी चालू दे. मी काय मागायचो ते सांगत नाही. मी यातून मार्गही काढून पाहिला. दुपारी रिकामी गाडी घेऊन अण्णांबरोबर दौलताबादच्या चढावर गेलो, खड्ड्यांतून नेली, उन्हात उभी केली. ती कुठंही बसली नाही. रिकामी असताना तिच्याइतकी गुणी गाडी मराठवाड्यात नसेल.

अशात एका शनिवारी कडूबा चप्पलेची चौकशी करायला आले. कडूबांनी चाळीस वर्षं तहसील कचेरीसमोर स्टॅम्प विकले आणि लोकांची खरेदीखतं लिहून दिली. मी त्यांना बायबॅक समजावून सांगितलं. कंपनीनं विकलेली वस्तू कंपनीच परत विकत घेते. त्यांचे डोळे एकदम लकाकले.

“म्हंजी आपल्यात लेकरू विकून परत घेतेत तसंच की, दाजी!”

“कुठलं लेकरू?”

“मीच की! माझ्या आधी दोन गेले. मग मला कडू नाव ठिवलं आन शेजारच्या बाईला सुपभर ज्वारीवर विकलं. म्हंजी नजर लागत नाय, दुसऱ्याचं लेकरू म्हनून सटवी सोडून देती. लग्नाच्या टायमाला परत घेतलं. हाय का नाय मी जित्ता, अठ्ठ्याहत्तरचा?”

सांडूअण्णा कट्ट्यावर होते. ते म्हणाले, “मला तं उकिरड्यावर सांडलं व्हतं आन मावशीनं सुपात उचलून नेलं. नाव उगंच हाय का सांडू?”

“मग तुमाला कळतंय अण्णा,” कडूबा म्हणाले. “परत घ्यायचं असंल तं आधी विकाय पाहिजे. तुमीच घ्या ह्या गाडीला.”

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण सत्यभामा म्हणाली, “तुमची विद्या झाली, आता त्यांची होऊ द्या.” अण्णांनी घरातून सुपात ज्वारी आणली, सत्यभामेनं पदरात घेतली, अण्णांनी गाडीला हळदकुंकू लावलं. इतकंच व्हायचं होतं. पण कडूबांच्या पिशवीत जुना कोरा स्टॅम्प निघाला, आणि चाळीस वर्षांची सवय. कट्ट्यावर बसून त्यांनी एका दमात लिहून काढलं : ‘सदर वाहन एक सूप ज्वारीच्या मोबदल्यात मी राजीखुशीने, नशापाणी न करता, तुम्हांस कायमचे विकले असे. ज्वारी भरून पावली. आता त्यावर माझा वा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिला नाही. राहिल्यास तो या लेखाने रद्द समजावा.’ शेवटी ‘लिहून देणार’ असं लिहून पुढं टिंबांची ओळ सोडली. टिंबांची ओळ मोकळी दिसली की माझ्याच्यानं राहवत नाही. मी पूर्ण सही केली, तारीख घातली, आणि कागद ट्रकच्या फायलीत क्रमांक चौदा म्हणून लावून ठेवला.

आणि गाडी चालायला लागली. एकोणीस दिवस. शहागंज, मुकुंदवाडी, शेंद्रा, कुठंही कासव नाही. भाकरी साडेदहालाच पोचायच्या. अण्णांनी मागच्या फळीवर ‘सांडूची कृपा’ असं रंगवून घेतलं आणि मला शेजारी बसवताना “सरका जरा” म्हणायला लागले. सत्यभामा गुणगुणत पीठ मळायची. सगळी गल्ली खूश होती. एकटा मी आतून झुरत होतो, कारण जी गाडी विज्ञानानं चालली नाही ती सुपानं चालली, असं अख्ख्या गारखेड्याचं मत झालं होतं.

विसाव्या दिवशी कँटीनच्या मॅनेजरला भेटायचं म्हणून सत्यभामाही आमच्याबरोबर निघाली. तिघं पुढं दाटीवाटीनं बसलो. विमानतळासमोर, दहा वाजून दहा मिनिटांनी, पडद्यावर कासव आलं. बाई बोलल्या. गाडी थांबली.

“बसली!” मी ओरडलो. “तिसऱ्यांदा बसली! सुटलो!”

मी शेजारी बघितलं. सत्यभामा माझ्याकडं बघत नव्हती. ती मागच्या काचेतून टोपल्यांकडं बघत होती. हजार भाकरी, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या, अजून गरम. पहाटे चारपासून अकरा बायकांनी थापलेल्या. तिचा हात हातावरच्या चटक्यावरून फिरत होता, आणि मला माझी फार लाज वाटली. चौतीस वर्षांत साहेबांनी पुष्कळदा झापलं, पण अशी लाज कधी वाटली नव्हती.

मी खाली उतरलो. भर जालना रोडवर, हात पसरून, मी रिक्षा अडवायला लागलो. पहिल्या दोन निघून गेल्या. तिसरी अडवली तेव्हा मी तिच्या इतका पुढ्यात होतो की रिक्षावाल्यानं “मरना है क्या अंकल?” असं विचारलं. “नाही, भाकरी आहेत,” मी म्हणालो. पंधरा मिनिटांत सहा रिक्षा झाल्या. दोन रिक्षांत आधीच माणसं होती, त्यांच्या मांडीवर टोपल्या दिल्या. करमाडला लग्नाला निघालेली एक आजी दीडशे भाकरी पोटाशी धरून आमच्याबरोबर शेंद्र्यापर्यंत आली आणि उतरताना दोन भाकरी चटणीसकट मागून घेतल्या. मॅनेजर घड्याळात बघत दारातच उभा होता. दहा वाजून छप्पन्न मिनिटं. तो म्हणाला, “ताई, आज रिक्षाची वरात?” सत्यभामा म्हणाली, “ह्यांची हौस.” आणि कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून हसली.

तिसरा दोष मेघा मॅडमच्या कंप्यूटरमध्ये नोंदला गेला. आता फक्त अर्ज. अर्जात मी कच्चा नाही. बायबॅकचा अर्ज मी असा केला की वीज खात्यात असता तर त्याची फ्रेम करून लावली असती. सोबत जोडलेली कागदपत्रे, अनुक्रमांक एक ते चौदा, प्रत्येकावर सही, पानांना आकडे. बारा दिवसांनी उत्तर आलं. ‘अर्जदार सदर वाहनाचे मालक नसल्याने अर्ज नामंजूर.’

मेघा मॅडमचा फोन आला. “काका, हे चौदा नंबरचं काय जोडलंत?”

“फाईल पूर्ण द्यायची पद्धत असते,” मी म्हणालो.

“आरटीओत नाव तुमचंच आहे हो. पण हक्क राहिला नाही असं तुम्हीच लिहून दिलंय ना! आणि हेड ऑफिसवाले विचारायलेत, सुपासाठी ट्रक विकणारा हा माणूस कोण? त्यांना वाटतंय तुम्ही हॉटेलात बसून ज्वारीचं सूप प्यालात.”

मी त्यांना सूप म्हणजे काय ते सांगितलं, पाखडायचं सूप. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे काका, त्यांना कसं सांगू? शेवटी एवढं ठरलं की सांडूअण्णांनी गाडी मला परत दिल्याचं लिहून द्यावं, म्हणजे काम होईल.

मी अण्णांकडं गेलो. ते गाडी धूत होते. माझं ऐकून त्यांनी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि म्हणाले, “लेकरू आजारी पडलं म्हनून परत मागू लागले व्हय?”

“अण्णा, ती गाडी आहे.”

“एकोनीस दिस चालली माझ्या नावावर. तुमच्या नावावर किती चालली?” मग ते निवळले. “नेयाचं तं रीतीनं न्या. सुपभर ज्वारी आना. आन लेकरू कामून विकाया लागलं, चूक कोनाची, ते गल्लीसमोर बोला. आमच्यात तसं बोलाया लागतंय.”

ही रीत खरोखर आहे की अण्णांनी त्याच क्षणी काढली, हे मला अजून कळलेलं नाही. कडूबांना विचारलं तर ते म्हणाले, “असंल बी.”

रविवारी सकाळी अख्खी गल्ली जमली. अकरा बायका पहिल्या रांगेत. मी दोन्ही हातांत ज्वारीचं सूप धरून उभा राहिलो. आधी मी बॅटरीच्या तांत्रिक मर्यादांविषयी बोलायला सुरुवात केली. अण्णांनी मान हलवली, “नाय, नाय, चूक सांगा.” मी कंपनीचं नाव घेणार होतो, तेवढ्यात समोर सत्यभामेचा हात दिसला, चटक्यांचा. मग सरळ बोललो. म्हणालो, “चूक माझी. सत्यभामा डिझेलचा टेम्पो घेऊ म्हणाली होती. तिचं बरोबर होतं. विजेतलं मला काही कळत नाही. मला बिलातलं कळतं.”

कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येऊन बघायला लागलं. अण्णांनी डोळे पुसले, ज्वारी घेतली आणि म्हणाले, “जा, दिलं तुमचं लेकरू.” मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात सत्यभामा म्हणाली, “थांबा. तोंडी नको.” आणि भावाकडं वळली. “दादा, अजून एक स्टॅम्प हाय का रे पिशवीत?”

कडूबांच्या पिशवीत दोन होते. एकावर अण्णांचा अंगठा झाला, सही येत असूनही, कारण अंगठा जास्त पक्का असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यावर कडूबांनी बहिणीच्या सांगण्यावरून मी आत्ताच कबूल केलेली चूक शब्द न् शब्द लिहिली. राजीखुशीनं, नशापाणी न करता. खाली टिंबांची ओळ होती. माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

महिनाभरानं कंपनीची मोठी गाडी आमचा ट्रक न्यायला आली. चढवताना तो फळीवर निम्म्यात बसला आणि बाई शेवटचं बोलल्या, “कृपया वाहन सुरक्षित स्थळी उभे करा.” सगळ्या गल्लीनं ढकलून त्याला वर चढवलं. पैसे आले. जुन्या मोंढ्यातला तो डिझेलचा टेम्पो अजून विकला गेला नव्हता. आता अण्णा तो चालवतात, शेजारी सत्यभामा बसते आणि मी मागं हौद्यात, टोपल्या धरून. धूर तिथंच जास्त येतो. एकही उशीर नाही, आणि गल्ली त्या टेम्पोला ‘ट्रक’ म्हणते, मला बरं वाटावं म्हणून.

ट्रकची फाईल मी बंद केली. तिच्यात अण्णांचा कागद क्रमांक पंधरा आहे. क्रमांक सोळा फायलीत नाही. तो सत्यभामेनं पिठाच्या डब्याच्या वर, भिंतीवर चिकटवला आहे, आणि पहाटे चारला अकरा बायका तव्यावर बसल्या की रोज एकजण तो मोठ्यानं वाचते.